सामाजिक परिवर्तन आणि समुदाय संघटन: पदव्युत्तर शिक्षणात नेमके काय शिकायचे असते?

एखाद्या वस्तीत दिवसातून जेमतेम अर्धा तास पाणी येते, असे समजू या. या प्रश्नाला हात घालण्याच्या निदान तीन वाटा आहेत. पहिल्या वाटेने जाणारा कार्यकर्ता वस्तीतल्या लोकांना एकत्र बसवतो आणि सामाईक टाकी, पाण्याच्या पाळ्या, गळक्या नळांची दुरुस्ती अशी कामे त्यांच्या सहकार्याने उभी करतो. दुसरा आकडेवारी गोळा करतो, जलवाहिन्यांचे नकाशे तपासतो आणि पुरवठा वाढवण्याचा आराखडा तयार करून प्रशासनापुढे ठेवतो. तिसरा विचारतो की, शेजारच्या वसाहतीत दिवसभर पाणी असताना इथेच ते अर्धा तास का येते, तसे ठरवले कोणी, आणि तो निर्णय बदलायला लावण्याइतकी ताकद या वस्तीत कशी उभी राहील.

जॅक रॉथमन या अमेरिकी अभ्यासकांनी १९६८ मध्ये समुदाय संघटनाची जी मांडणी केली, तिच्यात या तीन वाटांना अनुक्रमे स्थानिक विकास, सामाजिक नियोजन आणि सामाजिक कृती अशी स्थाने आहेत. समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गांत ही मांडणी आजही शिकवली जाते. प्रत्यक्ष कामात या वाटा एकमेकींत मिसळतात, हे पुढे रॉथमन यांनीही आपल्या लेखनात मान्य केले. तरीही त्या वेगळ्या करून पाहणे आवश्यक असते, कारण प्रत्येक वाटेत लोकांची जागा निराळी आहे. पहिल्या वाटेत ते सहकारी असतात, दुसऱ्या वाटेत बहुधा लाभार्थी असतात आणि तिसऱ्या वाटेत दावेदार असतात. या संपूर्ण शिक्षणाचा गाभा मला इथे दिसतो: लोकांसाठी काही करणे आणि लोकांनी ते स्वतःच्या बळावर घडवून आणणे यांतला फरक ओळखणे, आणि कोणतेही काम हाती घेताना ‘इथे निर्णय कोणाचा?’ हा प्रश्न स्वतःलाही विचारत राहणे.

विषय विद्यापीठात कसा आला

या अभ्यासाला दोन मुळे आहेत आणि ती एकमेकांपासून बरीच लांब रुजलेली आहेत. पहिले मूळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहरांतल्या गरीब भागांत सुरू झालेल्या वस्तीकेंद्रांत सापडते. लंडनच्या पूर्व भागात १८८४ मध्ये टॉयन्बी हॉल उभे राहिले. त्यापासून प्रेरणा घेऊन जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी १८८९ मध्ये शिकागोत हल हाउस सुरू केले. सुशिक्षित तरुण-तरुणी या केंद्रांत राहायला येत आणि शेजाऱ्यांसाठी वर्ग, बालवाड्या, दवाखाने चालवत. पण हल हाउसचे काम सेवेपाशी थांबले नाही. तिथे राहणाऱ्या स्त्रियांनी आसपासच्या घराघरांतून माहिती गोळा केली आणि कोणत्या घरात किती मजुरी येते, कोणत्या देशातून आलेली कुटुंबे कुठे राहतात, हे दाखवणारे रंगीत नकाशे १८९५ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांच्यापैकीच फ्लॉरेन्स केली यांनी बालमजुरीविरुद्धच्या कायद्यासाठी झटून १८९३ मध्ये तो इलिनॉय राज्यात संमत होताना पाहिला आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी मुख्य कारखाना निरीक्षक म्हणून जबाबदारी घेतली. सेवा, संशोधन आणि कायदेबदल ही तीन कामे एकाच घरातून चालू शकतात, हे तिथे दिसले.

अशा कामासाठी प्रशिक्षित माणसे हवीत म्हणून न्यू यॉर्कमध्ये १८९८ साली उन्हाळी अभ्यासवर्ग सुरू झाला. कोलंबिया विद्यापीठातली समाजकार्याची शाखा त्यातूनच वाढली. मुंबईत १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची पदव्युत्तर संस्था स्थापन झाली आणि तीच पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. समाजकार्याच्या शिक्षणात व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य आणि समुदाय संघटन या तीन मुख्य पद्धती मानल्या गेल्या. मात्र संघटनाला अभ्यासक्रमात बरीच वर्षे दुय्यम स्थान राहिले, कारण एकेका व्यक्तीला किंवा कुटुंबाला मदत करण्याचे तंत्र शिकवणे आणि तपासणे तुलनेने सोपे होते.

दुसरे मूळ विद्यापीठाच्या बाहेर आहे. अमेरिकी संघटक सॉल अलिन्स्की यांनी जोसेफ मीगन यांच्या साथीने १९३९ मध्ये शिकागोच्या कत्तलखान्यांमागच्या कामगारवस्तीत एक परिषद उभी केली. वेगवेगळ्या देशांतून आलेल्या, एकमेकांशी फटकून वागणाऱ्या समाजगटांची चर्चमंडळे, कामगार संघटना आणि स्थानिक मंडळे तिच्यात एकत्र आली. पुढच्याच वर्षी अलिन्स्कींनी अशा संघटना इतरत्र बांधण्यासाठी आणि संघटक घडवण्यासाठी स्वतंत्र संस्था स्थापन केली. टेनेसी राज्यात १९३२ पासून चालू असलेले हायलँडर लोकविद्यालय हेही याच प्रवाहातले. तिथे पदवी मिळत नसे. कामगार आणि शेतकरी काही दिवसांसाठी येत, आपापल्या भागातले प्रश्न मांडत आणि पुढची दिशा ठरवून परत जात. कृष्णवर्णीय कार्यकर्त्या रोझा पार्क्स यांनी अलाबामा राज्यातल्या मंटगमरीच्या बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार दिला तो डिसेंबर १९५५ मध्ये. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात त्या हायलँडरच्या एका कार्यशाळेत सहभागी झाल्या होत्या. एका थकलेल्या स्त्रीच्या मनात अचानक उसळलेली ऊर्मी, असे त्या घटनेचे वर्णन अनेकदा केले जाते. त्यामागे अनेक वर्षांचे संघटनात्मक काम होते, हे या विषयाच्या विद्यार्थ्याला सुरुवातीलाच कळायला हवे.

हायलँडरशी जोडलेले एक उदाहरण मी थोडे विस्ताराने सांगतो, कारण संघटनाचे शिक्षण म्हणजे काय हे त्यात फार नेमके दिसते. दक्षिण कॅरोलिनातील जॉन्स बेटावर कृष्णवर्णीय नागरिकांना मतदार म्हणून नाव नोंदवायचे असेल, तर वाचनाची परीक्षा द्यावी लागे आणि ज्यांना शाळाच मिळाली नव्हती त्यांना ती देणे अशक्य होते. एसाऊ जेन्किन्स या स्थानिक कार्यकर्त्यांनी वर्ग हवा असल्याचे सांगितले, हायलँडरमध्ये काम करणाऱ्या शिक्षिका सेप्टिमा क्लार्क यांनी त्याची आखणी केली आणि जानेवारी १९५७ मध्ये पहिला नागरिकत्व वर्ग भरला. शिक्षिका म्हणून बर्निस रॉबिन्सन यांना निवडले गेले. त्या व्यवसायाने केशरचनाकार होत्या आणि शिकवण्याचा त्यांना अनुभव नव्हता. त्या शिक्षकी तोऱ्यात वागणार नाहीत, म्हणूनच ही निवड मुद्दाम झाली. जागा होती एका सहकारी दुकानाची मागची खोली. पुढे किराणा माल मांडलेला असल्याने आत काय चालते हे विरोधकांच्या नजरेत येत नसे.

रॉबिन्सन यांनी तयार पुस्तक उघडले नाही. तुम्हाला काय शिकायचे आहे, असे त्यांनी आधी विचारले. कोणाला स्वतःची सही करायची होती, कोणाला मनीऑर्डरचा अर्ज भरायचा होता, कोणाला बायबल वाचायचे होते. त्याच गोष्टींतून अक्षरओळख सुरू झाली. भिंतीवर त्यांनी मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा लावला आणि वर्ग संपेपर्यंत प्रत्येकाला तो वाचता यावा, असे उद्दिष्ट ठेवले. मतदार नोंदणी हे तातडीचे काम होते, पण वर्गाची रचना अशी होती की, शिकून गेलेला माणूस पुढे स्वतःच्या भागात असाच वर्ग चालवू शकेल. १९६१ मध्ये हा कार्यक्रम मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेकडे गेला आणि अमेरिकेच्या दक्षिण भागात सर्वत्र पसरला. शिक्षक कोण असावा, सुरुवात कोणाच्या गरजेपासून करावी, आणि आपण गेल्यावर काम कोणाच्या हाती राहील, या तीन प्रश्नांची उत्तरे त्या मागच्या खोलीत ज्या रीतीने दिली गेली, त्याहून चांगली उत्तरे अजून मी पाहिलेली नाहीत.

सत्तेचा अभ्यास

वर्गातल्या सैद्धांतिक भागात सर्वांत समृद्ध विषय सत्तेचा आहे. नवा विद्यार्थी सत्ता म्हणजे पद, पैसा किंवा दंडशक्ती असे धरून येतो. उघड वादात ज्याचे म्हणणे चालते तो सत्ताधारी, हा सत्तेचा पहिला आणि सहज दिसणारा चेहरा झाला. पीटर बॅकरॅक आणि मॉर्टन बराट्झ या राज्यशास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये दाखवून दिले की, काही प्रश्न चर्चेलाच येऊ न देणे हीही सत्ताच आहे. बैठकीच्या विषयपत्रिकेवर पाण्याचा विषय नसेल, तर त्यावर मतदान हरण्याची वेळच येत नाही. स्टीव्हन लूक्स यांनी १९७४ मध्ये तिसरा चेहरा मांडला. आपल्यावर अन्याय होतो आहे असे वाटूच नये, आहे ते असेच असायचे असे लोकांनी मनोमन मान्य करावे, इथपर्यंत सत्तेची पोच असू शकते.

हे पुस्तकी वाटू शकते, पण लूक्स यांचे विद्यार्थी जॉन गॅव्हेंटा यांनी याच मांडणीच्या आधारे केंटकी आणि टेनेसीच्या सीमेवरील एका कोळसाखोऱ्याचा अभ्यास केला, तेव्हा तिचा उपयोग स्पष्ट झाला. त्या खोऱ्यातली बहुतेक जमीन एका ब्रिटिश मालकीच्या कंपनीकडे होती आणि जमिनीखाली संपत्ती असलेल्या त्या भागात माणसे मात्र अत्यंत गरीब होती. लोक बंड का करतात, हा नेहमीचा प्रश्न बाजूला ठेवून गॅव्हेंटा यांनी विचारले की, इतकी विषमता असताना लोक गप्प का आहेत. पिढ्यानुपिढ्या पदरी आलेले पराभव, तक्रार केली तरी कोणी दाद न देण्याचा अनुभव, नोकरी आणि घर दोन्ही एकाच मालकाच्या हाती असणे, आणि त्यातून रुजलेली ‘काही बदलणार नाही’ ही भावना, असे थर त्यांना उलगडत गेले. त्यांचे हे संशोधन १९८० मध्ये ग्रंथरूपाने आले.

क्षेत्रकार्यासाठी, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग असलेल्या प्रत्यक्ष कामासाठी, वस्तीत गेलेल्या विद्यार्थ्याला याचा थेट उपयोग होतो. त्याने बोलावलेल्या सभेला कोणी आले नाही, तर ‘इथल्या लोकांना आस्थाच नाही’ असा शेरा वहीत लिहिणे सोपे असते. सत्तेचा अभ्यास केलेला विद्यार्थी थांबून विचारतो: याआधी इथे किती सभा झाल्या, त्यांतून काय निघाले, सभेला आल्याबद्दल कोणाला किंमत मोजावी लागली का? शांतता म्हणजे संमती नव्हे, हे कळायला सिद्धान्त लागतो, कारण डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात.

सामूहिक कृती मुळात घडते कशी, याबद्दलचे सिद्धान्तही शिकवले जातात. अर्थतज्ज्ञ मॅन्सर ओल्सन यांनी १९६५ मध्ये दाखवले की, सर्वांचा फायदा असला तरी सर्वजण पुढे येतीलच असे नाही. रस्ता झाला तर तो घरी बसलेल्यालाही वापरता येणार असतो, मग कष्ट कोणी आणि का घ्यावेत? पुढच्या अभ्यासकांनी त्यात साधनसामग्री, राजकीय संधी, आणि प्रश्नाची मांडणी कोणत्या शब्दांत होते, या घटकांची भर घातली. हे सिद्धान्त परीक्षेपुरते पाठ करून चालत नाही, पण त्यांवर वर्षे घालवण्याचीही गरज नसते.

क्षेत्रकार्य

या शिक्षणाचा खरा भार क्षेत्रकार्यावर आहे. अमेरिकेत समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीसाठी मान्यता देणाऱ्या परिषदेने किमान ९०० तासांचे क्षेत्रकार्य बंधनकारक केले आहे. इतर देशांत तासांचे गणित वेगळे असते, पण आठवड्यातले ठरावीक दिवस एखाद्या संघटनेत किंवा वस्तीत, पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली काम करणे आणि त्याचा लेखी अहवाल देणे, ही पद्धत बहुतेक ठिकाणी सारखी आहे.

त्यात सर्वप्रथम शिकायचे ते एकास एक भेट घेणे. ही भेट म्हणजे सर्वेक्षण नाही आणि सभासद नोंदणीही नाही. समोरच्या माणसाला कशाची चीड आहे, कशाची आस आहे, कोणाचे त्याच्यावर आणि त्याचे कोणावर वजन आहे, हे समजून घेण्यासाठी केलेला, अर्ध्या-पाऊण तासाचा तो संवाद असतो. ‘तुमच्या भागात काय समस्या आहेत?’ असे विचारले, की रस्ता, कचरा, पाणी अशी यादी मिळते. ती सगळ्या घरांत सारखीच असते आणि तिच्यातून माणूस कळत नाही. त्याऐवजी विद्यार्थ्याने ‘ताई, मागे आठवडाभर पाणी आलं नव्हतं, तेव्हा तुम्ही काय केलंत?’ असे विचारले, तर कदाचित ती बाई सांगते की, तिने शेजारच्या चौघींना घेऊन कार्यालय गाठले, साहेब भेटले नाहीत, म्हणून दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या सगळ्यांची पाणीपट्टीची बिले गोळा करून पुन्हा गेली. इथे वस्तीतली एक नेता सापडली. ती कोणत्याही समितीवर नाही, तिचे नाव कोणत्याही यादीत नाही, आणि यादी घेऊन फिरणाऱ्याला ती कधीच दिसली नसती.

दुसरे कौशल्य घरबैठकीचे. फ्रेड रॉस या संघटकाने कॅलिफोर्नियात स्थलांतरित मेक्सिकन कुटुंबांमध्ये ही पद्धत घडवली. एक कुटुंब आपल्या घरी नातेवाईक आणि शेजारी अशा मोजक्या लोकांना बोलावते, संघटक तिथे जाऊन बोलतो आणि ऐकतो, आणि उठण्यापूर्वी उपस्थितांपैकी कोणीतरी पुढच्या बैठकीचे यजमानपद घेते. १९५२ मध्ये सॅन होसे शहरात रॉस यांना सेझार चावेझ भेटले, आणि चावेझ यांनी दहा वर्षांनंतर शेतमजुरांची संघटना बांधायला घेतली तेव्हा हीच पद्धत वापरली. मोठी जाहीर सभा गर्दी दाखवते. कोण कोणाच्या शब्दावर आले, हे मात्र घरबैठकीत कळते, आणि संघटना त्या धाग्यांवर उभी राहते.

यानंतर सत्तानकाशा काढायला शिकवतात. हवा तो निर्णय घेण्याचा अधिकार नेमक्या कोणाकडे आहे हे आधी शोधायचे, मग त्या व्यक्तीवर कोणाचा प्रभाव चालतो, कोण आपल्या बाजूने आहे, कोण विरोधात आहे आणि कोण काठावर आहे, हे एका मोठ्या कागदावर मांडायचे. ‘सरकार’ किंवा ‘व्यवस्था’ असे मोघम नाव कागदावर येता कामा नये, हा तिथला कडक नियम. नाव आणि हुद्दा लिहिता येईपर्यंत मागणी कोणाकडे करायची हेच ठरलेले नसते.

क्षेत्रकार्याचा जो भाग विद्यार्थ्यांना सर्वांत कंटाळवाणा वाटतो, तोच मला सर्वांत मोलाचा वाटतो: नोंदी लिहिणे आणि त्यांवर पर्यवेक्षकाबरोबर बसणे. भेटीत काय बोलले गेले, ते चालू असताना माझ्या मनात काय आले, आणि आता मागे वळून पाहताना काय दिसते, असे तीन भाग पाडून विद्यार्थी लिहितो. ‘चर्चा चांगली झाली’ अशी नोंद वाचून अनुभवी पर्यवेक्षक विचारतो की, त्या तासात कोण किती बोलले, गप्प कोण होते, आणि शेवटचा निर्णय कोणाच्या तोंडून आला. पुष्कळदा असे निघते की, निर्णय विद्यार्थ्यानेच सुचवला होता आणि लोकांनी केवळ मान डोलावली होती. लोकांच्या नावाखाली आपलेच म्हणणे पुढे रेटणे ही या क्षेत्रातली सर्वांत सहज घडणारी गोष्ट आहे आणि ती चांगल्या हेतूने घडते म्हणून अधिक हानिकारक ठरते.

लोकांबरोबर संशोधन

पदव्युत्तर पदवीसाठी बहुधा प्रबंध किंवा प्रकल्प करावा लागतो, आणि इथेही निर्णय कोणाचा हा प्रश्न पाठ सोडत नाही. मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी १९४६ मध्ये कृतिसंशोधनाची कल्पना मांडली: परिस्थिती बदलण्याचा प्रयत्न करत करतच ती समजून घ्यायची. शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेइरे यांनी १९६३ मध्ये ब्राझीलच्या आंगिकोस गावात, मजुरांच्या रोजच्या जगण्यातले शब्द घेऊन सुमारे ३०० प्रौढांना चाळीस तासांत अक्षरओळख करून देण्याचा प्रयोग केला. पुढच्या वर्षी लष्करी उठाव झाला आणि त्यांना तुरुंगवास आणि नंतर देशत्याग पत्करावा लागला. कोलंबियाचे समाजशास्त्रज्ञ ऑर्लांडो फाल्स बोर्डा यांनी या दोन्हींच्या पुढे जाऊन सहभागी कृतिसंशोधनाची बाजू मांडली आणि १९७७ मध्ये कार्ताहेना इथे त्यावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. प्रश्न कोणता विचारायचा, माहिती कोणी गोळा करायची, तिचा अर्थ कोणी लावायचा आणि ती शेवटी कोणाच्या मालकीची, या चारही टप्प्यांवर ज्यांच्याविषयी संशोधन आहे त्यांचा वाटा असावा, अशी ही भूमिका आहे.

अशा संशोधनाची ताकद दाखवणारी दोन उदाहरणे वर्गात वारंवार येतात. अमेरिकेच्या ॲपलेशियन डोंगराळ भागात १९७० च्या दशकाअखेरीस स्थानिक रहिवाशांनी आणि अभ्यासकांनी मिळून सहा राज्यांतल्या ८० परगण्यांच्या कचेऱ्यांतली दप्तरे तपासली आणि जमीन कोणाच्या नावावर आहे, कर कोण किती भरतो, हे बाहेर काढले. दप्तर वाचायला शिकलेल्या लोकांनीच पुढे करव्यवस्थेत बदलाची मागणी केली. राजस्थानात १९९० मध्ये स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ च्या अखेरीपासून जनसुनावण्या घेतल्या. सरकारी कामांची हजेरीपत्रके आणि बिले गावासमोर मोठ्याने वाचली जात, आणि ज्याच्या नावापुढे मजुरी दिल्याचे लिहिले आहे तो माणूस उभा राहून सांगे की, आपण त्या कामावर गेलोच नव्हतो. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यामागे या कामाचा मोठा वाटा आहे.

सहभाग हा शब्द मात्र फार सैल वापरला जातो. शेरी आर्नस्टिन यांनी १९६९ मध्ये नागरिक सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या दोन पायऱ्यांवर सहभागाच्या नावाखाली लोकांना फक्त वळवले किंवा समजावले जाते. मधल्या तीन पायऱ्यांवर माहिती देणे, मत विचारणे आणि तोंडदेखले स्थान देणे येते. भागीदारी, सोपवलेले अधिकार आणि नागरिकांचे नियंत्रण या वरच्या तीन पायऱ्यांवरच निर्णयाची सूत्रे खरोखर हलतात. कोणत्याही प्रकल्पाचा अहवाल हाती आला, की तो नेमका कोणत्या पायरीवर आहे हे ठरवून पाहावे. बहुतेक अहवाल मधल्या पायऱ्यांवर थांबलेले आढळतात.

अनुभव असताना शिकायचे कशाला?

अनेक ज्येष्ठ कार्यकर्ते विचारतात की, संघटन कामातून शिकता येते, मग पदवी कशाला? या प्रश्नाला मार्शल गँझ यांचे आयुष्य हे एक गंभीर उत्तर आहे. ते १९६४ मध्ये हार्वर्डचे शिक्षण अर्धवट सोडून मिसिसिपीतल्या नागरी हक्क चळवळीत गेले, मग चावेझ यांच्या शेतमजूर संघटनेत त्यांनी सोळा वर्षे काम केले, आणि १९९१ मध्ये ते पुन्हा हार्वर्डमध्ये दाखल झाले. पदवी पूर्ण करून पुढे त्यांनी समाजशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. त्यांच्या संशोधनाचा प्रश्न त्यांच्या कामातूनच आला होता: १९६५ मध्ये सुरू झालेल्या कॅलिफोर्नियातल्या डेलानोच्या द्राक्षमळ्यांतील संपाचे १९७० मध्ये करारांत रूपांतर करणारी ही गरीब संघटना यशस्वी झाली, पण तिच्याहून कितीतरी अधिक पैसा आणि मनुष्यबळ असलेल्या कामगार संघटनांना त्याच क्षेत्रात अपयश का आले? त्यांच्या मते उत्तर डावपेच रचण्याच्या क्षमतेत होते. नेतृत्वगटात वेगवेगळ्या पार्श्वभूमीची माणसे होती, त्यांचे मजुरांशी आणि बाहेरच्या जगाशी जिवंत संबंध होते, ती खुलेपणाने वाद घालून निर्णय घेत आणि कामात मनापासून गुंतलेली होती. म्हणून परिस्थिती बदलली की त्यांना नवी युक्ती सुचत असे, उदाहरणार्थ शेतातला संप शहरातल्या ग्राहकांच्या बहिष्कारापर्यंत नेण्याची. त्या संघटनेच्या आत राहून हे सर्व पाहिलेल्या माणसालासुद्धा ते स्पष्ट शब्दांत मांडण्यासाठी अभ्यासाची शिस्त लागली.

अनुभव आपल्याला आपल्या लढ्यापुरते शिकवतो. दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या काळातल्या लढ्यांशी त्याची तुलना करण्याची सवड आणि साधने शिक्षणामुळे मिळतात. पण याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पदवीला महत्त्व आले, की पदवी नसलेल्या स्थानिक कार्यकर्त्याला डावलून बाहेरून आलेल्या पदवीधराला नेमले जाते. बर्निस रॉबिन्सन यांच्यासारख्या शिक्षिकेला आज अर्ज करण्यासाठी लागणारी पात्रताच नसती. शुल्क जास्त असेल, तर ज्यांच्या वस्त्यांविषयी हा अभ्यास आहे त्यांचीच मुले वर्गाबाहेर राहतात. देणग्यांवर चालणाऱ्या संस्थांत नोकरी लागली, की ठरावीक मुदतीत मोजता येतील असे परिणाम दाखवावे लागतात, आणि विश्वास कमावण्यासाठी लागणारा काळ त्या तक्त्यात बसत नाही. चांगल्या अभ्यासक्रमात या अडचणींवर उघडपणे बोलले जाते. शिक्षण घेऊन बाहेर पडणारे विद्यार्थी कामगार संघटना, भाडेकरूंच्या आणि शेतकऱ्यांच्या संघटना, स्वयंसेवी संस्था, स्थानिक स्वराज्य संस्था, धोरणविषयक संशोधन आणि अध्यापन अशा क्षेत्रांत जातात.

अभ्यासक्रम निवडताना

संस्थेचे नाव आणि माहितीपत्रक यांवरून फारसे कळत नाही, म्हणून थेट प्रश्न विचारावेत. क्षेत्रकार्याचे पर्यवेक्षण करणाऱ्याने स्वतः संघटनाचे काम केले आहे का, आणि तो आठवड्यातून किती वेळ देतो? क्षेत्रकार्य प्रत्यक्ष संघटनेत होते, की कार्यालयात बसून अहवाल तयार करण्यात जाते? वर्गात कायदा, अर्थसंकल्प वाचणे, संस्थेचे हिशेब, वाटाघाटी अशा कोरड्या पण अत्यावश्यक गोष्टी शिकवतात का? चळवळीतली माणसे पाहुणे म्हणून एखाद्या दिवशी येतात, की मानधन घेऊन संपूर्ण सत्र शिकवतात? नोकरी करत शिकण्याची सोय आहे का आणि शिष्यवृत्ती कोणाला मिळते?

यांत एक प्रश्न मी सर्वांत वर ठेवीन, आणि तो विद्यार्थ्यापेक्षा वस्तीच्या बाजूचा आहे. दर वर्षी नवे विद्यार्थी येतात, ओळखी करतात, लोकांच्या मनात आशा जागवतात आणि सत्र संपले की निघून जातात. पुढच्या वर्षी नव्या चेहऱ्यांना लोक तीच कहाणी पुन्हा सांगतात. काही संस्था यावर उपाय म्हणून एकाच संघटनेशी अनेक वर्षांचा लेखी करार करतात, प्रत्येक तुकडीच्या नोंदी पुढच्या तुकडीकडे सोपवतात, संशोधनाचे निष्कर्ष आधी वस्तीच्या बैठकीत मांडतात, आणि पुढचे विद्यार्थी घ्यायचे की नाही, घेतले तर कोणत्या कामासाठी, हे ठरवण्याचा हक्क त्या संघटनेला देतात. प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेकडे असा करार मागावा, तो वाचावा आणि शक्य असेल तर त्या संघटनेतल्या माणसांना जाऊन भेटावे.